शॉवरच्या पाण्यातला क्लोरीन : आधी मोजा, मग टाकी बघा, फिल्टर सगळ्यात शेवटी

अंघोळ झाल्यावर कातडी ओढल्यासारखी होते, केस राठ होतात, डोळे चुरचुरतात, न्हाणीघरात तरणतलावासारखा वास कोंडतो. मग बाजारातून ‘पंधरा थरांचा’ शॉवर फिल्टर आणला जातो. महिनाभर बरे वाटते आणि पुन्हा तोच वास. बहुतेक घरांत चूक क्रमाची असते. पाण्यात क्लोरीन किती आहे हे न मोजताच तो काढायची तयारी सुरू होते. गोव्यात तर पुष्कळदा तो क्लोरीन सरकारी नळातून आलेलाच नसतो. घरच्याच कोणीतरी टाकीत किंवा विहिरीत अंदाजाने टाकलेल्या ब्लीचिंग पावडरीचा तो असतो. फिल्टरवर दोन-तीन हजार घालवण्याआधी खालचे टप्पे याच क्रमाने करा. निम्म्या घरांना शेवटच्या टप्प्यांपर्यंत जावेच लागणार नाही.

## कामाला लागण्यापूर्वी : तीन वेगळ्या गोष्टी

लोक ‘क्लोरीन’ म्हणतात तेव्हा त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली, मुक्त क्लोरीन. जंतू मारून झाल्यावर पाण्यात मुद्दाम शिल्लक ठेवलेला भाग. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे तो किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावा आणि १ च्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्यविषयक मर्यादा ५ आहे. ०.२ ते १ या पट्ट्यात निरोगी कातडीला सहसा त्रास होत नाही. इसब असलेल्या माणसाला, तान्ह्या मुलाला किंवा दमेकऱ्याला मात्र तेवढाही जाणवू शकतो.

दुसरी, क्लोरामाइन. क्लोरीन घाम, मूत्र, सडका पाला, पक्ष्यांची विष्ठा यांतल्या अमोनियासारख्या द्रव्यांशी जोडला की ही संयुगे तयार होतात. तो नाकात जाणारा उग्र ‘क्लोरीनचा वास’ बऱ्याचदा यांचाच असतो. म्हणून वास जास्त आला तर क्लोरीन जास्त झाला असे लगेच धरू नका. टाकी घाण असली तरी असाच वास येतो.

तिसरी, ट्रायहॅलोमिथेन. क्लोरोफॉर्म हा त्यांतला मुख्य. ओपा, अस्नोडा, साळावली, चांदेल, दाबोस या गोव्यातल्या जलशुद्धीकरण प्रकल्पांत येणारे पाणी नदीचे किंवा धरणाचे असते, आणि पावसाळ्यात त्यात पालापाचोळ्याचा अर्क उतरतो. क्लोरीनची त्या अर्काशी गाठ पडली की ही द्रव्ये बनतात. ती चटकन उडून जाणारी असल्यामुळे गरम शॉवर घेताना वाफेतून छातीत जातात आणि थोडी कातडीतूनही मुरतात. दहा मिनिटांच्या गरम शॉवरमधून शरीरात जाणारा क्लोरोफॉर्म, तेच पाणी दिवसभर पिऊन जाईल तेवढा असू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला ‘२बी’ गटात, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्यांत ठेवले आहे. क्लोरीन घातलेले पिण्याचे पाणी मात्र तिसऱ्या गटात आहे, म्हणजे उपलब्ध पुराव्यावरून त्याचे वर्गीकरण करता येत नाही. तेव्हा काळजी घ्यावी ती फुकट किंवा स्वस्तात घेता येणारी, उदाहरणार्थ हवा खेळती ठेवणे, पाणी फार गरम न करणे, शॉवर आवरता घेणे. भीतीपोटी जंतुनाशनच बंद करणे हा फार वाईट सौदा आहे. हगवण, कावीळ, विषमज्वर यांना वाट मोकळी होते.

सावधान : अंघोळ करताना धाप लागते, छातीत घरघर होते, ओठ-डोळे सुजतात, अंगावर गांधी उठतात, यांपैकी काही होत असेल तर पाण्याचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

## टप्पा १ : सामान जमवा

- डीपीडी (क्लोरीन असला की पाणी गुलाबी करणारे रसायन) गोळ्यांचा क्लोरीन चाचणी संच. क्रमांक १ ची गोळी मुक्त क्लोरीनसाठी, क्रमांक ३ ची एकूण क्लोरीनसाठी. दोन्ही घ्या.
- तो मिळाला नाही तर ओटीओ (क्लोरीन असला की पाणी पिवळे करणारे रसायन) द्रावणाचा ‘क्लोरोस्कोप’. स्वस्त, पण ढोबळ.
- खुणा असलेली १० लिटरची बादली आणि सेकंद दाखवणारे घड्याळ.
- १ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा. पावडर चमच्याने मोजायची सवय इथेच सोडा.
- रबरी हातमोजे, लांब दांड्याचा नायलॉन ब्रश, तारखा लिहायला वही.

तरणतलावाच्या कागदी पट्ट्या घेऊ नका. त्यांवरचे रंग ०, १, ३, ५, १० अशा मोठ्या उड्यांचे असतात. आपल्याला ०.२ आणि ०.८ यांतला फरक बघायचा आहे.

## टप्पा २ : चार ठिकाणचे पाणी, एकाच सकाळी

पाणी सुटलेले असताना मोजा. नमुने या क्रमाने घ्या :

1. मीटरजवळचा, टाकीत जाण्याआधीचा नळ
2. छतावरच्या टाकीतले पाणी, वरच्या झाकणातून काढलेले
3. शॉवरचे थंड पाणी
4. शॉवरचे गरम पाणी

नळ आणि शॉवर आधी दोन मिनिटे वाहू द्या, नाहीतर रात्रभर नळीत साचलेल्या पाण्याचा आकडा मिळेल. चाचणीची नळी त्याच पाण्याने दोनदा विसळा. साबणाने धुऊ नका, साबणाचा अंश क्लोरीन खातो. गरम पाण्याचा नमुना काठोकाठ भरून बूच लावा, निवू द्या, मग मोजा.

१० मिलिलिटर पाण्यात क्रमांक १ ची गोळी टाका. बोटाने धरू नका, वेष्टनातूनच सरळ नळीत पाडा. ती चुरून, हलवून मिनिटाच्या आत रंग जुळवा. मागे पांढरा कागद धरा. दिवसाचा उजेड हवा, पण थेट ऊन नको. आकडा लिहून झाला की त्याच नळीत क्रमांक ३ ची गोळी टाका, दोन मिनिटांनी पुन्हा वाचा. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की क्लोरामाइन मिळाले.

ओटीओ वापरत असाल तर थेंब टाकल्यावर दहा सेकंदांच्या आत दिसणारा पिवळा रंग साधारण मुक्त क्लोरीनचा. पाच मिनिटांनी गडद होतो तो एकूण क्लोरीनचा. लोक नळी ओट्यावर ठेवून चहा घेऊन येतात आणि मग आकडा वाचतात, तेव्हा तो वाढीवच येतो. ओटीओ विषारी आहे. हाताला लागू देऊ नका आणि मोजलेले पाणी टाकीत परत ओतू नका.

इथे फसगत होते : क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर चमकून नाहीसा होतो आणि पाणी स्वच्छ दिसते. घरचे म्हणतात, ‘शून्य आहे.’ वास उग्र आणि रंग शून्य असे दिसले तर नमुन्यात नऊ पट क्लोरीनविरहित पाणी, म्हणजे बाटलीबंद किंवा उकळून निववलेले, मिसळून पुन्हा मोजा आणि आकड्याला दहाने गुणा.

पडताळा : विहिरीत कधीच पावडर टाकली नसताना त्या पाण्याला रंग आला तर तो बहुधा मँगनीजचा. खाणपट्ट्यातल्या आणि लालसर पाण्याच्या विहिरींच्या बाबतीत ही शंका आधी घ्या. तो आकडा क्लोरीनचा समजू नका.

आता चार आकडे समोर ठेवा.

मीटरजवळ ०.२ ते १ आणि शॉवरला तेवढाच किंवा कमी असेल तर पाणी मानकात आहे. त्रास तरीही असेल तर टप्पा ५ आणि ६ करून बघा.

मीटरजवळ ठीक, टाकीत मात्र जास्त : कोणीतरी पावडर टाकते आहे. घरच्यांना, कामाला येणाऱ्यांना, सोसायटीच्या रखवालदाराला विचारा. टप्पा ३.

मीटरजवळ ठीक, टाकीत शून्य : टाकीतला गाळ आणि शेवाळ सगळा क्लोरीन खाऊन टाकत आहे. टप्पा ४. या घरात फिल्टर बसवणे म्हणजे आधीच उघड्या पडलेल्या पाण्यात आणखी एक जंतूंचे घर बसवणे.

मुक्त कमी, पण क्लोरामाइन ०.५ च्या वर : हीही टाकीचीच तक्रार आहे. टप्पा ४.

मीटरजवळच १ च्या वर : जलवाहिनी फुटून दुरुस्त झाल्यावर असे एखादा दिवस होऊ शकते. पाणी स्वच्छ होईपर्यंत टाकीची झडप बंद ठेवा. तीन दिवस सलग तसेच दिसले तर तारीख, वेळ आणि आकडे लिहून आपल्या भागाच्या पाणीपुरवठा उपविभागात द्या. ‘वास येतो’ या तक्रारीला वजन नसते, आकड्याला असते. प्रकल्पाच्या जवळच्या घरांत आकडा जास्त आणि वाहिनीच्या टोकाला कमी, एवढा फरक साहजिक आहे.

चारही ठिकाणी शून्य : शॉवर फिल्टर घेऊ नका. काढायला काहीच नाही. कातडीचा त्रास साबण, अति गरम पाणी किंवा दुसऱ्या कशाचा तरी आहे, आणि पिण्याचे पाणी उकळायला लागा.

गरम पाण्यात क्लोरीन कमी दिसला म्हणून गिझरचे पाणी जास्त निर्धोक असे समजू नका. तापल्यावर मुक्त क्लोरीन घटतो, पण त्याच उष्णतेने ट्रायहॅलोमिथेन वाढतात. ते या संचाने दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो आणि नमुना प्रयोगशाळेनेच दिलेल्या बाटलीत, आत हवेचा बुडबुडा न ठेवता भरावा लागतो.

## टप्पा ३ : ब्लीचिंग पावडरीचा हिशेब

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

पहिला नियम : सरकारी नळाच्या पाण्यात घरी पावडर टाकायची नाही. ते प्रक्रिया होऊनच आलेले असते. पावडर लागते ती विहिरीच्या आणि खात्री नसलेल्या टँकरच्या पाण्याला.

चांगल्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. साध्या, गढूळ नसलेल्या पाण्याला १००० लिटरमागे अडीच ग्रॅम पावडर पुरते. त्यातून लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन मिळतो. आता याच्याशी प्रत्यक्षात काय होते ते ताडून बघा. ५०० लिटरच्या टाकीत मूठभर पावडर पडते. मूठ ५० ग्रॅमची धरली तर लिटरला ३३ मिलिग्रॅम क्लोरीन झाला. मानकाच्या वरच्या टोकाच्या तेहतीस पट. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या मुलांचे डोळे लाल होणारच.

विहिरीसाठी आधी पाणी मोजा. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा. आलेल्या घनमीटरांना १००० ने गुणले की लिटर. खोली दोरीला दगड बांधून मोजा, ओला झालेला भाग म्हणजे खोली.

उदाहरण : ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी. ३ × ३ × ४ × ३.१४ ÷ ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे सव्वाअठ्ठावीस हजार लिटर. पावडर लागेल सुमारे ७० ग्रॅम. पावसाळा संपला की याच विहिरीत अख्खी एक किलोची पिशवी उलटी केली जाते. तिने लिटरमागे ११ ते १२ मिलिग्रॅम क्लोरीन होतो. आणि पंप लावून तेच पाणी संध्याकाळी टाकीत चढते.

घालायची रीत :

1. संध्याकाळी घाला, दिवसाचा उपसा संपल्यावर. ऊन क्लोरीन मोडते.
2. प्लास्टिकच्या बादलीत मोजलेली पावडर घ्या. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. थोडे पाणी घालून लापशीसारखी पेस्ट करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा.
3. पाच-दहा मिनिटे थांबा. पांढरा चुना खाली बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. चुना विहिरीत टाकू नका, पाणी विनाकारण जड होते.
4. निवळ पाण्याची बादली दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आजूबाजूला हलवत राहा, म्हणजे ते सगळीकडे पसरेल.
5. निदान अर्धा तास जाऊ द्या, मग मोजा. ०.५ च्या आसपास आला तर काम झाले. कमी आला तर एक चतुर्थांश मात्रा आणखी घाला, अर्धा तास थांबा, पुन्हा मोजा.

पावडर जुनी असेल तर : आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातही किनाऱ्यालगत, उघडी पिशवी झपाट्याने उतरते. ढेकळे झाली, वास मंद झाला की ताकद गेली. मग माणूस दुप्पट टाकायला शिकतो. पुढच्या वेळी ताजी पिशवी येते आणि हात मात्र दुप्पटीलाच बसलेला असतो. पिशवीवर आणल्याची तारीख घाला, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधारात ठेवा. पत्र्याचा डबा चालणार नाही, गंजतो.

जास्त पडलीच तर : त्या पाण्याने अंघोळ करू नका. टाकीतले अर्धे पाणी संडासाच्या फ्लशला वापरून संपवा, वर ताजे घ्या, मोजा. ते कुळागरात, कुंडीत किंवा माशांच्या टाक्यात सोडू नका. विहीर असेल तर झाकण काढून दोन-तीन दिवस ऊन लागू द्या आणि रोज मोजा.

सावधान : पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र आले की जागच्या जागी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एकाच फळीवर ठेवू नका.

## टप्पा ४ : टाकी धुणे

वर्षातून दोनदा : मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी, आणि पावसाळा ओसरल्यावर. चवथीच्या साफसफाईत धुतली जाते ती बहुतेक बाहेरून.

1. गिझर मुख्य स्विचवरून बंद करा. रिकाम्या गिझरमध्ये वीज चालू राहिली तर त्याचे कॉइल जळते. गिझरला जाणारी झडपही बंद करा.
2. टाकीत येणारी झडप बंद करून पाणी वापरून संपवा. वीतभर उरले की कामाला लागा.
3. भिंती, तळ आणि झाकणाची आतली बाजू ब्रशने घासा. साबण, धुण्याची पावडर, ॲसिड काही नको.
4. गाळ तळाच्या गाळदारातून बाहेर सोडा. तो घरातल्या नळांतून काढायला गेलात तर सगळा शॉवरच्या जाळीत आणि गिझरमध्ये जाऊन बसेल.
5. दोनदा विसळा.
6. १० लिटर पाण्यात ६ ग्रॅम पावडर कालवून निवळ करा. ही लिटरला २०० मिलिग्रॅमची ताकद झाली. हातमोजे घालून ब्रशने सगळ्या आतल्या पृष्ठभागावर फिरवा. अर्धा तास ओले राहू द्या.
7. पुन्हा विसळून सोडा. शंभरेक लिटर पाणी घ्या, घरातले थंड पाण्याचे सगळे नळ दोन-दोन मिनिटे सोडून नळ्या धुऊन काढा. मगच टाकी भरा आणि गिझरची झडप उघडा.

भरल्यावर तासाभराने मोजा. टाकीतला आकडा मीटरजवळच्या आकड्याच्या बराच जवळ आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्याकडे घसरला तर जमिनीखालच्या टाकीत गाळ आहे, तीही धुवा. तिच्यात एकट्याने उतरू नका. झाकण तासभर उघडे ठेवा, वर दुसरा माणूस उभा ठेवा, आणि आत ब्लीचिंगचे द्रावण फासताना चक्कर किंवा खोकला आला तर तत्काळ बाहेर या.

झाकण घट्ट बसते ना, आणि ओव्हरफ्लोच्या नळीला डासांची जाळी आहे ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. उजेड आत जात असेल तर शेवाळ परत धरणार.

## टप्पा ५ : न्हाणीघरातली हवा

वाफेतून जाणाऱ्या द्रव्यांवर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे खिडकी. अंघोळीच्या आधी उघडा आणि नंतर वीस मिनिटे उघडी ठेवा. एक्झॉस्ट पंखा असेल तर दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर पंखा नुसताच फिरतो, हवा ओढायला वाट नसते. चाचणी सोपी आहे : पंखा लावून दार बंद करा, फटीशी कागदाची पट्टी धरा. आत ओढली गेली तर हवा चालते आहे.

पाणी कोमट घ्या आणि शॉवर पाच-सहा मिनिटांत आवरा. गिझर मात्र ६० अंशांवरच ठेवा. कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला जातीचे जंतू वाढतात. अंगावर घेताना थंड पाणी मिसळा.

सावधान : न्हाणीघराच्या आत गॅसचा गिझर असेल तर खिडकी बंद करून अंघोळ करणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. क्लोरीनपेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे. तो गिझर बाहेरच्या भिंतीवर हलवा, बाकीचे टप्पे नंतर.

## टप्पा ६ : बादली

ज्यांच्या घरात एकाच माणसाला त्रास आहे, इसबाचे मूल आहे किंवा दमेकरी आहे, त्यांच्यासाठी फिल्टरपेक्षा बादली बरी. तांब्याने घेतलेल्या पाण्याचे बारीक तुषार उडत नाहीत, त्यामुळे श्वासात जाणारा भागही कमी. उघड्या भाणात, म्हणजे पाणी तापवायच्या भांड्यात, तापवलेल्या पाण्यातून बराचसा क्लोरीन तिथेच निघून जातो.

उरलेला काढायचा असेल तर क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. १ भाग क्लोरीनला साधारण अडीच भाग लागते. २० लिटरच्या बादलीत लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर एकूण २० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड पुरे. ५०० मिलिग्रॅमची शुद्ध भुकटी १ लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातले १०० मिलिलिटर बादलीत घाला. ढवळून मिनिटभराने मोजा, शून्य यायला हवा. द्रावण रोज ताजे करा. चघळायच्या नारिंगी गोळ्या नकोत, त्यांत साखर आणि रंग असतो. पिण्याच्या किंवा टाकीच्या पाण्यात हे घालू नका, तिथे क्लोरीन हवाच आहे.

आठ दिवस बादलीने अंघोळ करून बघा. त्रास कमी झाला तर क्लोरीनचा संबंध आहे आणि फिल्टरचा विचार करायला हरकत नाही. जराही फरक पडला नाही तर फिल्टरनेही पडणार नाही. पैसे खर्च करण्याआधीची सगळ्यात स्वस्त चाचणी हीच.

## टप्पा ७ : फिल्टर निवडणे

आत काय आहे ते वाचा, थर मोजू नका. केडीएफ-५५ हे तांबे-जस्ताचे दाणे असतात. ते मुक्त क्लोरीनचे क्लोराइड करतात आणि गरम पाण्यातही चालतात. कॅल्शियम सल्फाइटही गरम-थंड दोन्हींत झटपट काम करते. सक्रिय कोळसा थंड आणि सावकाश वाहणाऱ्या पाण्यात उत्तम, पण शॉवरमध्ये पाणी त्याच्यातून क्षणार्धात निघून जाते आणि गरम असले तर त्याची पकड आणखी सुटते. क्लोरामाइन मोठ्या प्रमाणात असेल तर केडीएफ कमी पडते, क जीवनसत्त्वाचे काडतूस (फिल्टरच्या आतला बदलता येणारा भाग) चालते, मात्र ते लवकर संपते.

एनएसएफ/एएनएसआय १७७ हे शॉवर फिल्टरचे मानक फक्त मुक्त क्लोरीन कमी करण्यापुरते आहे. खोक्यावर ट्रायहॅलोमिथेन, जड पाणी, जंतू, केसगळती असे सगळे लिहिलेले असले तरी त्या मानकाचा शिक्का त्यातल्या एकाही दाव्याची हमी देत नाही. जडपणा तर यातला कुठलाच फिल्टर काढत नाही. तशी आपल्या नद्यांची आणि चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींची पाणी साधारणतः मृदूच. किनाऱ्याजवळची खारट विहीर किंवा बोअरवेल असेल तर गोष्ट वेगळी.

आता दाब बघा. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपेक्षा जितके मीटर उंच, तितके दशांश बार. बैठ्या घरावर शॉवरपासून तीन मीटर उंचीला टाकी असेल तर ०.३ बार, बस्स. शॉवर पूर्ण सोडून १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. सव्वा मिनिटात भरली तर मिनिटाला ८ लिटर, ठीक आहे. दोन मिनिटे लागली तर फिल्टरनंतर धार करंगळीएवढी होईल. त्या घराने बादलीच धरावी किंवा आधी टाकी उंचवावी.

## टप्पा ८ : बसवणे

फिल्टर बसतो तो मिक्सरच्या पुढे, शॉवरच्या तोंडापाशी. गिझरच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर कधीही नाही, काडतूस तुंबले तर गिझरमध्ये दाब चढतो. टाकीच्या तोंडावरही नाही, सगळ्या घराचे पाणी उघडे पडते.

गिझर बंद करून थंड पाणी सोडा, मग शॉवर काढा. पान्याखाली कापड घाला, क्रोमवर ओरखडे येत नाहीत. अर्ध्या इंचाचे आटे जुन्या टेफ्लॉनपासून ब्रशने साफ करा. नवीन टेफ्लॉन आटे तुमच्याकडे तोंड करून धरल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चार-पाच वेढे, ताणून गुंडाळा. उलटा गुंडाळला तर फिरवताना सुटून गोळा होतो आणि गळती सुरू होते. फिल्टरवरच्या बाणाची दिशा खाली, पाण्याच्या वाहण्याची. आत रबरी वॉशर आहे ना ते बघा. जिथे सपाट वॉशर बसतो त्या बाजूला टेफ्लॉनची गरज नसते. हाताने घट्ट करा, मग पान्याने फार तर पाव फेरी. प्लास्टिकचा नट त्यापुढे तडकतो, आणि ती तड दोन दिवसांनी दिसते.

शॉवरचे तोंड न लावता पाच मिनिटे थंड पाणी सोडा. सुरुवातीचे करडे पाणी बादलीत घ्या, डोक्यावर नको. मग तोंड लावा.

पडताळा : फिल्टरच्या आधी आणि नंतर मोजा, थंड आणि गरम दोन्ही. नंतरचा आकडा आधीच्या निम्म्यापेक्षा बराच खाली हवा. तसा नसेल तर काडतूस उलटे बसले आहे किंवा वस्तूच हलकी आहे. पावती जपून ठेवा.

## टप्पा ९ : काडतूस बदलणे आणि बंद घर

‘सहा महिने चालेल’ यावर जाऊ नका. मिनिटाला ८ लिटर, माणशी दहा मिनिटे, घरात चार माणसे : रोजचे ३२० लिटर. १०,००० लिटरचे काडतूस एकतीस दिवसांत संपले. शॉवर पाच मिनिटांचा केला तर दोन महिने. दर पंधरा दिवसांनी मोजा आणि फिल्टरनंतरचा आकडा आधीच्या निम्म्यावर आला की बदला. जून ते सप्टेंबर पाणी गढूळ येते तेव्हा गाळानेच ते आधी तुंबते. धार अचानक मंदावली तर काढून बघा.

क्लोरीन निघून गेलेले पाणी ज्या काडतुसात साचून राहते तिथे जंतू वाढतात. घरातली माणसे जहाजावर, परदेशात किंवा सुट्टीला गेली आणि घर महिनाभर बंद राहिले तर परत आल्यावर थेट शॉवरखाली उभे राहू नका. गिझर लावून पाणी ६० अंशांपर्यंत तापू द्या. जुने काडतूस टाकून द्या. शॉवरचे तोंड काढा, खिडकी उघडा, नळीचे तोंड बादलीत बुडवून आधी थंड आणि मग गरम पाणी पाच-पाच मिनिटे सोडा, म्हणजे तुषार उडून छातीत जाणार नाहीत. टाकीतले साचलेले पाणी काढून ताजे भरा. थंड पाण्यात मुक्त क्लोरीन ०.२ च्या वर दिसला की नवे काडतूस आणि शॉवरचे तोंड जोडा.